चोक आत ढकलण्यापूर्वी

किल्ली लावण्याआधी जरा थांबू या.

डिसेंबर सरत आलाय. वर्धा जिल्ह्यात या दिवसांत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो आणि दुपारी अठ्ठावीसच्या पुढे जातो. कापसाचा हंगाम आहे, कारंजा-आष्टीकडे संत्र्याचाही. त्यामुळे गाडीचं काम पडतं ते नेमकं पहाटे. अंगणात जुनी पेट्रोल जीप उभी आहे, मागे माल वाहायचा हौदा बसवलेली. सेल्फ मारला की ती पकडते, थोडी चालते आणि चोक आत ढकलला की बंद पडते. पुन्हा सेल्फ, पुन्हा बंद. मग पाय ॲक्सिलेटरवर दाबून धरायचा, रेस देऊन देऊन तिला गरम करायचं आणि हिंगणघाटच्या रस्त्याला लागायचं. हे रोजचं होऊन बसलंय.

ज्या दिवशी बाजाराची घाई नाही असा एक दिवस निवडा. उजाडता उजाडता गाडीजवळ स्टूल घेऊन बसा. गाडी उघड्यावर असू द्या, बंद शेडमध्ये नको. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. आसपास बिडी, सिगारेट, चूल काही नको.

आता बॉनेट उघडा आणि इंजिनावर तळहात ठेवा.

ते थंड आहे. रात्रभरात एवढं लोखंड हळूहळू निवत गेलं आणि आता त्याचा प्रत्येक भाग बाहेरच्या हवेइतकाच गार आहे. ही अवस्था दिवसातून एकदाच मिळते, हे मनात नीट बसू द्या. एकदा इंजिन सुरू होऊन पाच-दहा मिनिटं चाललं की ती गेली. मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, पहाटेचं इंजिन परत मिळत नाही. गाडी तालुक्याला मिस्त्रीकडे नेली तर बिघाड वाटेतच विरतो. मिस्त्री अकरा वाजता सेल्फ मारतो, गाडी एका फटक्यात सुरू होते, रेस न देताही छान स्लोवर उभी राहते, आणि मालक आपलं म्हणणं कसं पटवावं या विचारात पडतो. मिस्त्री खोटा नसतो, मालकही नसतो. दोघांनी वेगवेगळी इंजिनं पाहिलेली असतात.

म्हणून या बिघाडाला स्वतःचा वेग आहे. एका सकाळी एकच प्रश्न विचारता येतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळायला पुढची पहाट यावी लागते. हा वेग तुमच्या मनाला जड जाईल. जाऊ द्या. आज फक्त पाहायचं आहे.

हात इंजिनावर तसाच ठेवा आणि ही गाडी काय आहे ते आठवा. अमेरिकेत विलिस कंपनीने १९५३ साली सीजे-३बी हे मॉडेल काढलं. महिंद्राने ते भारतात बनवलं आणि तिकडे ते थांबल्यानंतरही इकडे त्याच घडणीच्या जीपा कित्येक वर्षं निघत राहिल्या. तिचं बॉनेट इतकं उंच का, हे पुष्कळांना कोडं वाटतं. आत हरिकेन नावाचं चार सिलिंडरचं, सुमारे २.२ लिटरचं इंजिन आहे. त्याचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये आहेत. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बॉनेटही. आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याला पुढे लागणार आहे: कार्बोरेटरमधून निघालेलं पेट्रोल आणि हवा सिलिंडरकडे नेणारी वाट या इंजिनात वेगळी जोडलेली नाही. ती सिलिंडर हेडच्या ओतकामातच आहे. तुमचा हात आत्ता जवळजवळ त्याच वाटेवर आहे.

ही वाट आत्ता गार आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. गरम इंजिनात कार्बोरेटरने उडवलेला फवारा वाटेतच वाफ होतो. गार इंजिनात त्यातला बराचसा भाग पहाटे पऱ्हाटीच्या पानांवर दव धरावं तसा भिंतींना धरून बसतो आणि सिलिंडरपर्यंत पोहोचतो तो थोडा. म्हणून गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. ते द्यायचं काम चोकचं. तो कार्बोरेटरच्या तोंडावरची एक पत्री झडप फिरवून हवेची वाट अडवतो, आणि ओढ वाढून पेट्रोल जास्त येतं. चोक म्हणजे काही मिनिटांपुरती दिलेली सवलत. आपल्या गाडीचा प्रश्न असा की सवलत काढून घेतली की ती उभी राहत नाही. का?

हा प्रश्न घेऊन थोडं बसा. लगेच पेचकस उचलू नका. पहिली ऊर्मी असते कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायची, कारण ते समोर दिसतात आणि फिरतात. या गाडीवर आजवर ज्यांनी ज्यांनी हात टाकला त्यांनी बहुतेक तेच केलं असणार.

आता डोळ्यांनी पाहू. एअर क्लीनर उतरवा आणि कार्बोरेटरच्या तोंडात डोकवा. दुसऱ्या कुणाला तरी चोकची घुंडी पूर्ण ओढायला सांगा. झडप पूर्ण मिटली का? जुनी केबल आतून गंजते, बाहेरचं आवरण सरकतं, आणि घुंडी पूर्ण ओढूनही झडप अर्धवटच मिटते. मग तीच घुंडी आत ढकलायला सांगा आणि झडप सरळ उभी राहते का पाहा. आता थ्रॉटलच्या दांडीकडे लक्ष द्या. चोक ओढला की ती दांडी जराशी उघडायला हवी, कारण गार इंजिनाला पेट्रोलाबरोबर थोडा जास्त वेगही लागतो. ही जोडणी कुठे तुटलेली असते, कुठे तारेने बांधलेली असते. तसं असेल तर चोक आहे पण त्याचा जोडीदार नाही.

इंजिन बंदच आहे. ॲक्सिलेटर एकदा हाताने दाबा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक, जोरकस धार उडायला हवी. नुसतं ओघळलं तर आतल्या पंपाचा पडदा थकलेला आहे. काहीच आलं नाही तर फ्लोटची वाटी रात्रीत रिकामी झाली असावी. नळीतलं पेट्रोल टाकीकडे परत उतरलं असेल, तर टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाच्या आतल्या झडपा तपासायच्या. पाहिलं ते वहीत लिहा. खरंच लिहा. उद्यापर्यंत मन त्यात आपल्या सोयीचं काहीतरी मिसळतं.

डिपस्टिक ओढा आणि नाकाजवळ न्या. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय? ही खूण लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येऊ.

आता एअर क्लीनर बसवा, चोक पूर्ण ओढा आणि सेल्फ मारा. आवाज ऐका. सेल्फ जड फिरतो का? बॅटरी थकलेली असेल तर सेल्फच सगळा करंट खातो आणि प्लगला उरतो तो अशक्त ठिणगीपुरता. इंजिन पकडलं की पाय दूर ठेवा. मोह होईल, पण रेस देऊ नका. रेस दिली की ती जे सांगू पाहतेय ते आपल्या आवाजात बुडतं.

सैलेन्सरकडे पाहा. पहाटेची पांढरी वाफ चिंतेची नाही. जळणातून पाणी तयार होतं आणि गार नळीत ते दिसतं. काळा धूर आणि डोळ्यांत चुरचुरणारा पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल जास्त आहे: चोक अडकलाय, नाहीतर फ्लोटची पिन नीट बसत नाही. निळसर धूर ऑइलचा. आणि काळं-निळं काहीच नसेल, गाडी चोकवर ठीक चालत असेल, चोक अर्धा ठेवला तर टिकत असेल आणि पूर्ण आत ढकलला की धापा टाकत विझत असेल, तर तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. आपली गाडी हीच. आज एवढंच. शेजारून कोणी म्हणेलच, "अर्धा चोक वढूनच चालव ना बाप्पा!" त्याला हसून उत्तर द्या आणि वही मिटा.

दुसरी सकाळ ठिणगीची. प्रश्न पेट्रोलचा दिसतो तेव्हासुद्धा ठिणगी आधी पाहावी, असं माझं ठाम मत आहे. अशक्त ठिणगी दाट मिश्रण पेटवते आणि जरा पातळ मिश्रणापाशी हार मानते. म्हणजे दोष तिचा आणि आळ कार्बोरेटरवर. पॉइंटची फट साधारण अर्धा मिलिमीटर, प्लगची पाऊण. पॉइंटवर खड्डे पडलेत का, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत बारीक तडा किंवा ओल आहे का, एवढं पाहा. प्लग काढून ओळीने मांडा. चारही सारखे असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे. एकच वेगळा असेल तर शोध त्या एका सिलिंडरपुरता आवरतो.

तिसरी सकाळ हवेची. इंजिन स्लोवर असताना थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली असते आणि तिच्याखाली जोरदार ओढ तयार होते. अशा वेळी कार्बोरेटरखालच्या पॅकिंगला केसाएवढी फट असली तरी तिथून चोरटी हवा आत शिरते. रस्त्यावर, थ्रॉटल उघडा असताना, तेवढ्या हवेने काही बिघडत नाही. स्लोवर मात्र एवढीशी हवाही सगळं प्रमाण मोडते. शिवाय गार धातू आणि आकसलेलं रबर ही फट पहाटे रुंद करतात. गरम झालं की ती मिटते. मिस्त्रीकडे ती का सापडत नाही, याचं आणखी एक उत्तर.

शोधायची रीत साधी आहे. साबणाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत घ्या, इंजिन अर्ध्या चोकवर ठेवा आणि एकेका सांध्यावर थोडं थोडं उडवा: कार्बोरेटरचं बूड, थ्रॉटलच्या दांडीची दोन्ही टोकं, व्हॅक्यूमवर चालणारा वायपर असेल तर त्याची नळी, क्रँककेसची हवा परत नेणारी नळी. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींवर पाणी नको. ज्या सांध्यावर पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलेल तिथे फट आहे. पेट्रोल उडवून हीच परीक्षा करणारे लोक आहेत. तसं कधीही करू नका.

स्लोला पेट्रोल देणारी वाटही वेगळीच असते. मोठा जेट त्या वेळी कामच करत नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आलेलं पेट्रोल थ्रॉटलच्या कडेशी बाहेर पडतं. टाकीतल्या गंजाचा एक कण त्यात अडकला की गाडी हमरस्त्यावर उत्तम पळते आणि फाटकापाशी बंद पडते. हा स्लोचा जेट काढावा, हवेने फुंकावा, तार घालू नये. तारेने छिद्र मोठं होतं आणि मोठं झालेलं छिद्र पुन्हा लहान करता येत नाही.

हे सगळं एका माणसाला, दिवसाच्या उजेडात, साध्या हत्यारांनी पाहता येतं. २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे मोटारींमधून कार्बोरेटर गेले, एप्रिल २०२० नंतर नव्या दुचाक्यांमधूनही गेले. हवेसाठी ते बरंच झालं. पण वर्ध्यात बसून मला जे. सी. कुमारप्पांची आठवण येते. १९३४ साली इथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, कुमारप्पांनी त्याचं काम मगनवाडीतून चालवलं आणि १९३८ साली तिथेच मगन संग्रहालय उभं राहिलं. त्यात घाणे, चरखे, कागद बनवायची साधनं. त्यांना पेट्रोल जीपचं कौतुक वाटलं नसतं, हे उघड आहे. तरी वापरणाऱ्याला आपलं अवजार उघडून समजून घेता यावं, ही या गावाने यंत्राकडून केलेली मागणी मला आजही रास्त वाटते, आणि हातात सुटा केलेला कार्बोरेटर ती पूर्ण करतो.

आता ऑइलच्या त्या वासाकडे या. इथे जास्त वेळ द्या.

डोळ्यांसमोर मे महिना आणा. पारा पंचेचाळीसला भिडलेला, दुपारच्या झळा, जीप चढावर तापते, रेडिएटर उकळतो. पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी थांबते आणि पंपावर ओलं फडकं गुंडाळलं जातं. अशा एखाद्या दुपारी कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकतो. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्यांत त्याची जागा रिकामी आढळते. विचार असा की पाण्याच्या वाटेतला अडथळा गेला की इंजिन थंड राहील. त्या दिवशी गाडी घरी पोहोचते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

थर्मोस्टॅटचं काम इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देण्याचं. ते आतच फिरावं, लवकर तापावं, साधारण ऐंशी अंशांच्या आसपास आल्यावरच वाट उघडावी. तो नसेल तर डिसेंबरच्या पहाटे पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनाने मिळवलेली ऊब वाऱ्यावर सोडतं. आणि या इंजिनाची पेट्रोल-हवेची वाट हेडमध्येच आहे, याच पाण्याच्या शेजारी. ती गारच राहते. पेट्रोल भिंतींना धरून बसतं. चोक पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटं लागतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि डिपस्टिकला वास येतो. मग कुणी मिश्रणाचा स्क्रू सैल करून पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं, म्हणून दुसरा कुणी तो आवळतो. गाडी बंद पडते, म्हणून तिसरा स्लोचा स्क्रू चढवून ठेवतो. मेमधल्या एका दुपारचं काम डिसेंबरपर्यंत तीन जणांच्या हातांखाली गाडलं जातं.

यात मला कुणाचाच राग येत नाही. त्या दुपारी रस्त्यावर अडकलेल्या माणसापुढे डिसेंबर नव्हताच. प्रत्येकाने समोर दिसलेल्या त्रासावर हात ठेवला. तुम्ही मात्र आता थांबलेले आहात, म्हणून तुम्हाला हे थर एकेक करून उचलता येतील. पाण्याची नळी हेडला जिथे मिळते तिथलं झाकण खोला, इंजिन पूर्ण गार असतानाच. जागा रिकामी असेल तर नवा थर्मोस्टॅट आणा. बसवण्याआधी तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात टांगा, पाणी तापवा आणि उघडताना डोळ्यांनी पाहा.

आणखी एक थर नवा आहे, त्याला त्या आधीच्या माणसांपैकी कुणीच जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि आता तेच सर्वत्र आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊ. म्हणजे तेवढ्याच हवेला हे मिश्रण जास्त लागतं, पण जेटचं छिद्र जुन्या हिशेबाचं आहे. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, ती ते त्याच गार वाटेतून खेचतं. पंपाचे जुने पडदे आणि नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात. टाकीत पाणी शिरलं तर ते पाणी धरून खाली बसतं. काचेची गाळवाटी असेल तर ती उजेडात धरून पाहा: तळाशी वेगळा थर दिसतो का? पडदे, नळ्या, पॅकिंग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. थोड्या जास्त चोकची गरज उरलीच, तर ती दोष समजू नका.

आणि आता स्क्रू. शोध गार इंजिनावर, पण जुळवणी गरम इंजिनावर. चार-पाच किलोमीटर फिरवून आणा, चोक पूर्ण आत. मिश्रणाचा स्क्रू हळू आवळत जा, आवाज अडखळेपर्यंत; मग सैल करत जा, पुन्हा जड होईपर्यंत. दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे जिथे इंजिन सर्वांत समान फिरतं. तळाशी नेताना कधीही घट्ट पिळू नका, सुईचं टोक दबतं. त्यानंतर स्लोचा स्क्रू मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या आसपास. कानाला ते आधी फार मंद वाटेल, कारण इतके दिवस चढवलेल्या स्लोची सवय झालेली आहे. तसंच राहू द्या, एक मिनिट ऐका. चार ठोके एकसारखे येत असतील तर बॉनेट लावा. बाकीची परीक्षा उद्या पहाटे.

वहीच्या शेवटच्या पानावर एप्रिलसाठी चार ओळी लिहून ठेवा: रेडिएटर आतून धुवायचा, त्याच्या जाळीत अडकलेलं गवत आणि कापूस पाण्याने उलट्या बाजूने काढायचा, पंख्याचा पट्टा ताणायचा, पेट्रोलची नळी सैलेन्सरच्या मुळापासून लांब बांधायची. आणि खाली तारखेसह: थर्मोस्टॅट नवा बसवला आहे, काढू नये. ही वही गाडीतच ठेवा, सीटखाली, म्हणजे मे महिन्यात रस्त्यावर जो कुणी बॉनेट उघडेल त्याच्या हाती ती लागेल.